घोटीच्या गिरणीचं दार

खलील शेखला मी अठ्ठावीस वर्षं छळलं, असं तो भेटेल त्याला सांगतो. खोटं नाही ते. ओझरच्या विमान कारखान्यात तो फिटर होता आणि मी इन्स्पेक्टर. त्याने पार्ट बनवायचा, मी मोजायचा. मापात बसला तर माझा शिक्का, नाही बसला तर लाल चिठ्ठी. माझं नाव वाल्मीक, पण शॉपमध्ये माझ्या पाठीमागे मला ‘लालचिठ्ठी’ म्हणायचे, आणि हे नाव कुणी पाडलं ते मला पक्कं ठाऊक आहे.

आता रिटायर होऊन दोघांनाही आठ वर्षं झाली. नाशकात, इंदिरानगरात आमची रो-हाऊसं शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. सकाळी फिरून आलो की मी त्याच्याकडे चहाला जातो. त्याची बायको, तबस्सुमभाभी, चहात आलं जास्त घालतात. मी रोज सांगतो, त्या रोज घालतात.

खलील घरं बनवतो. मांडीवर मावतील एवढी. एका फुटाला पाव इंच हे त्याचं माप, म्हणजे सहा फुटी माणूस दीड इंचाचा. चहाची टपरी, एसटीचा थांबा, सायकलचं दुकान, गच्चीवर पाण्याची टाकी असलेली चाळ, असलं काय काय. पुण्या-बंगळूरकडे छोट्या रेल्वेगाड्या पळवणारे हौशी लोक आहेत, ते त्याच्याकडून गोदामं, फाटकं मागवतात. पण मागणी असो नसो, हा सकाळी नऊ ते दुपारी एक टेबलाशी असतोच. नोकरीवर इतका वेळेत कधी आला नव्हता.

पहिलं त्याने केलं ते आमच्या गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान. महिना घालवला त्यात. मी कॅलिपर घेऊन तासभर मोजलं, केसभर कुठे फरक नाही. मी खूश. मग भाभी आतून ओढणीला हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, “मिठाईचा बॉक्स छान झालाय.” एवढं बोलून गेल्या आत. खलील दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, “वाल्मीक, ती बरोबर बोलली. आपण दुकान नाही केलं यार, आपण विमानाचा पार्ट केला.”

मला ते काही पटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून हा माणूस रस्त्याने भिंती बघत चालायला लागला. पाइप गळतो तिथून हिरवा ओघळ कुठपर्यंत उतरतो, खिळ्याखाली गंज किती लांब पसरतो, दुकानाच्या पायरीची कड मधोमध कशी झिजते, पोस्टर फाडल्यावर त्याचा कुठला कोपरा भिंतीला राहतो. एकदा भद्रकालीच्या बाजारात एका दुकानासमोर वही-पेन्सिल घेऊन उभा राहिला, तर दुकानदाराने भराभरा रस्त्यावरचे क्रेट आत घेतले. त्याला वाटलं अतिक्रमणवाले आले. खलीलने त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो जास्तच घाबरला.

त्याचं एक म्हणणं आहे, आणि ते मात्र मला पटतं. छोट्या मापात खरी वस्तू खोटी दिसते. खरी माती टाकली तर त्या मापात ती खडी वाटते. खरा गंज लावला तर पत्रा सडून गेलेला वाटतो. म्हणून गंजासाठी तो पानात घालतात तो कात वापरतो, काजळीसाठी कोळशाची पूड कापडातून गाळून घेतो, ओल दाखवायला चहाचं पाणी, तेही तीनदा पातळ करून. पत्रे कोल्ड्रिंकच्या डब्यांचे. त्याने दोन दातेरी पट्ट्या स्वतः घासून केल्यात, त्यांच्यामध्ये डब्याचा तुकडा दाबला की झाला पन्हळी पत्रा. शेवटी फिटर तो फिटरच.

आणि तपासायचं काम माझं. रिटायर होताना कारखान्यात इन्स्पेक्टरला आपला शिक्का जमा करावा लागतो. मी केला आणि घरी येऊन चार दिवस मला काही सुचेना. जेवण जाईना. मग खलीलने पितळेचा एक शिक्का आणून माझ्या हातात ठेवला, मुगाच्या दाण्याएवढा, त्यात नुसता ‘वा’. तेव्हापासून त्याचं प्रत्येक घर मी तपासतो आणि तळाला शिक्का मारतो. शिक्क्याशिवाय त्याच्या टेबलावरून काही हलत नाही, हा नियम त्यानेच केला आहे. मी त्याबद्दल त्याला कधी काही बोललो नाही, पण त्या दिवशी त्याने मला जगवलं.

तर गेल्या दिवाळीनंतर एक दिवस त्याने चहा थंड होऊ दिला आणि म्हणाला, “घोटीची गिरणी करतो.”

ही साधी गिरणी नव्हती. खलील मूळचा घोटीचा. त्याचे वडील अबरार शेख तिथे भाताच्या गिरणीत मिस्त्री होते. इंजिन, पट्टे, चाळण्या, सगळं त्यांच्याकडे. घर गिरणीच्या मागेच. खलील सहा वर्षांचा असताना ते काविळीने गेले. आई दोन्ही मुलं घेऊन नाशकात भावाकडे आली आणि घोटी सुटली ती सुटलीच. वडिलांचा एकही फोटो नाही. त्या काळात मिस्त्रीचा फोटो कोण काढतंय?

खलीलकडे वडिलांची एकच आठवण आहे. मी ती शंभरदा तरी ऐकली असेल. संध्याकाळ आहे, गिरणी बंद करायची वेळ. लाकडी दार एका बाजूला खाली लोंबलेलं आहे. वडील दाराच्या आडव्या पट्टीखाली खांदा घालतात, दार वर उचलतात आणि मग ते बंद होतं. वडिलांचा कान अगदी समोर दिसतो, कानाच्या पाळीवर भाताच्या तुसाची बारीक धूळ. बस. चेहरा नाही, आवाज नाही. कान आणि दार.

त्याची मोठी बहीण मेहरुन्निसाआपा त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. तिला ही आठवण मान्यच नाही. ती म्हणते, “गिरणीत डबा घेऊन मी जायचे. इंजिनाच्या भीतीने अम्मी ह्याला तिकडे फिरकू द्यायची नाही. मी घरी येऊन गिरणीच्या गोष्टी सांगायचे, त्या ऐकून ह्याने बाकीचं मनाने रचलंय.” आपा ठासून बोलते. ती बोलायला लागली की मीसुद्धा गप्प बसतो. खलील तिच्याशी वाद घालत नाही, पण मला एकदा म्हणाला होता, “वाल्मीक, ती आठवण रचलेली निघाली ना, तर माझ्याकडे अब्बांचं काहीच उरत नाही.”

म्हणून त्याला गिरणी करायची होती. आपल्या हाताने केली तर कळेल, आपण बघितलंय की नुसतं ऐकून रचलंय.

बघायला आता तिथे काही नाही. हा तिशीत असताना एकदा गेला होता, तेव्हाच गिरणीला शटर बसलं होतं. पुढे गिरणीच पडली, टायरचं दुकान झालं. गिरणीच्या मालकाचा नातू धनराज, त्याचं घोटीच्या बाजारात पाइपांचं दुकान आहे. भला माणूस. आम्ही दोघं गेलो तर त्याने घरातून एक जुना फोटो शोधून आणला, साठ वर्षांपूर्वीच्या वरातीचा. मागे गिरणी आहे. छत आहे, धुराडं आहे, पाटी आहे. आणि दारासमोर, नेमका दारासमोर, भला मोठा फेटा बांधून एक लठ्ठ पाहुणा उभा. मी भिंगातून पाहिलं. पाहुण्याच्या दोन्ही बाजूंनी चौकट दिसते, दार नाही. त्या पाहुण्याला मी मनात जे बोललो ते इथे लिहीत नाही.

निघताना धनराज म्हणाला, “आमच्या गिरणीत तांदूळ पाखडायला होती ना बयाबाई, ती अजून आहे. ऐंशीला आली असेल. पण डोकं एकदम शाबूत.”

खलील तिथूनच तिच्याकडे निघाला होता. मी त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवलं.

“आधी जाऊन विचारशील, दार लोंबायचं का, आणि ती म्हातारी तुझं मन राखायला हो म्हणेल,” मी म्हणालो. “मोजणाऱ्याला उत्तर आधी सांगायचं नसतं. आधी गिरणी कर. मग तिच्यासमोर ठेव, आणि तू कोण हे सांगूच नकोस. ओळखली तर ओळखली.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, “आणि नाही ओळखली तर?”

“तर कळेल,” मी म्हणालो. हा नियम माझा होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा.

तीन महिने गिरणी चालली. भिंती, धुराडं, मागची पडवी फोटोवरून झाली. उरलेलं समजायला तो घोटीकडच्या चालू गिरण्यांमध्ये जाऊन तासन् तास उभा राहिला. परत आला तो एका पिशवीत तूस घेऊन. मला म्हणाला, “छप्पर गंजकं करायचं नाही. मी आत्तापर्यंत मूर्खासारखा प्रत्येक पत्र्याला कात लावत होतो. भाताच्या गिरणीचा पत्रा गंजलेला दिसतच नाही. त्यावर तुसाची धूळ बसते, पावसात भिजते, वाळते, तिचा पापुद्रा होतो. खाकी-करडा.” मग ते तूस भाभींच्या मिक्सरमध्ये फिरवलं, मलमलमधून तीनदा चाळलं आणि पातळ डिंकाच्या हाताने पत्र्यावर बसवलं. त्यानंतर आठवडाभर त्यांच्याकडच्या चटणीला तुसाचा वास होता. भाभींनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. नवीन मिक्सर मात्र मागवला.

फेब्रुवारीत एक दिवस त्याने मला बोलावलं. गिरणी टेबलावर होती. मी वाकून बघितली आणि खरं सांगतो, मी थोडा वेळ मोजायचं विसरलो. इंजिनाच्या खोलीच्या झरोक्यावर काजळी, मागच्या भिंतीला खालून वर चढलेली ओल, पाटीच्या अक्षरांवरून उतरलेले काळपट ओघळ. आत्ता कुणीतरी इंजिनाला हँडल मारेल असं वाटलं.

मग मी दाराशी आलो. दार पावणेदोन इंचाचं, खऱ्या सागाच्या पातळ फळ्यांचं, आणि बिजागऱ्यांवर फिरणारं. उघडायचं, लावायचं, दोन्ही. आणि ते मोकळ्या बाजूला खाली गेलेलं होतं. मी कॅलिपर लावला.

“एक मिलिमीटर खाली आहे,” मी म्हणालो.

“माहितीय.”

“म्हणजे खऱ्या दाराला जवळजवळ दोन इंच.”

“तसंच होतं ते.”

आता इथे माझं काय झालं ते सांगतो. भिंत वाकडी असायला माझी हरकत नव्हती. मिठाईच्या बॉक्सपासून तेवढं मी शिकलो होतो. पण दार म्हणजे भिंत नव्हे. दार हलतं. हलणारी वस्तू मापात नसली तर चालत नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. मी त्याला ऐकवलं, “दोन इंच लोंबलेलं दार उंबऱ्याला अडकेल. रोज कोण उचलत बसणार? गिरणीचा मालक काय झोपला होता? आणि तुझे वडील स्वतः मिस्त्री. मिस्त्री माणूस रोज दार खांद्याने उचलेल की एकदा बिजागरी दुरुस्त करेल?”

मला तिथे थांबता आलं असतं. पण एकदा चूक सापडली की मी थांबत नाही, हा माझा स्वभाव आहे.

“आणि दुसरं,” मी म्हणालो. “तू म्हणतोस बापाचा कान अगदी समोर दिसतो. पाच-सहा वर्षांचं पोर जमिनीवर उभं. साडेतीन फूट. तुझे वडील साडेपाच फूट तरी असतील. कान तुला खालून दिसेल, समोर कसा दिसेल? तुझी आठवण मापात बसत नाही, खलील.”

त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “मग आपाच बरोबर असेल.” अगदी साध्या आवाजात म्हणाला. दुसऱ्या दिवशी दार सरळ झालेलं होतं. बोटाने ढकललं की आवाज न करता चौकटीत बसत होतं. मी गिरणी उलटी केली आणि तळाला शिक्का मारला. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी प्रत्येक लाल चिठ्ठीवरून भांडला होता. ह्या वेळी भांडला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

घोटीला आम्ही माझ्या गाडीने गेलो. गिरणीचं खोकं खलीलच्या मांडीवर. गतिरोधक आला की तो खोकं वर उचलून धरायचा आणि मी शिव्या खायचो. बाकी सगळ्या रस्त्याने तो गप्प होता. विल्होळीच्या पुढे एकदाच म्हणाला, “तिने नुसती गिरणी ओळखली तरी पुरे झालं. दाराचं सोडून दिलं मी.”

बयाबाईचं घर गावाबाहेरच्या वस्तीत, पुढे सारवलेलं अंगण. म्हातारी अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. अंगाने एवढीशी, पण हात सारखा चालू. धनराजने फोन करून ठेवला होता की नाशिकचे दोन जण गिरणीचं काहीतरी दाखवायला येतायत. खलील तिच्यासमोर बसला आणि त्याने पाटावर गिरणी ठेवली. तिच्या डोळ्यांच्या उंचीला यावी म्हणून पाटाखाली दोन विटा लावल्या.

बयाबाई सूप खाली ठेवून पुढे सरकली. मान वाकडी करून तिने गिरणी सगळ्या बाजूंनी बघितली. खलील स्वतःच्या गुडघ्यांवर हात दाबून बसला होता. मी त्याचे हात बघत होतो.

“आमची गिरणी,” बयाबाई म्हणाली.

खलीलने श्वास सोडला. मला वाटलं, चला, झालं काम.

ती एका बोटाने हवेत दाखवत सांगायला लागली. “हितं आम्ही बसायचो, ह्या पडवीत. नऊ जणी. ह्या झरोक्यातून धूर यायचा, डोळं लाल व्हायचं. पत्र्यावर तूस बी टाकलंय व्हय? बरोबर हाय. पत्रा कधी पत्र्यासारखा दिसलाच नाय तो.” खलील तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मग तिचं बोट पुढच्या बाजूला आलं आणि थांबलं.

“दार नाय जमलं तुमाला.”

मी पुढे झालो. “का मावशी? दाराला काय झालं?”

“लय सरळ केलंय. आमचं दार लोंबायचं. हिकडून, ह्या बाजूनं. उंबऱ्यावर घासायचं. कोणाला लागायचं नाय ते. अबरार मिस्त्री होता, तो खाली खांदा घालून उचलायचा, मग बसायचं.”

मी खलीलकडे बघू शकलो नाही. पण माझ्यातला तो मेला इन्स्पेक्टर गप्प बसेना. “मिस्त्री होता तर बिजागरी का नाही दुरुस्त केली त्याने?”

बयाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्या माणसाला काही समजत नाही. “केली असती तर कोणी बी दार उघडलं असतं. रातीला पोती जायची चोरीला. मिस्त्रीनंच दार तसं ठेवलं होतं. त्याचं त्यालाच जमायचं.”

साठ वर्षांपूर्वीच्या एका मिस्त्रीने मला लाल चिठ्ठी दिली होती.

“कुठल्या खांद्याने उचलायचे?” हे खलीलने विचारलं.

“डाव्या. उजव्या हातावर त्याचं पोर असायचं ना.” बयाबाईने स्वतःचा उजवा हात वाकवून दाखवला. “आई पाठवायची नाय त्याला, इंजिनाला भ्यायची. तर हे पोर संध्याकाळी मागच्या बाजूनं गुपचूप यायचं, आमच्या पडवीतून. इंजिन बंद होताना बघायचं असायचं त्याला. अन् बघून झालं की पोत्यावर झोपायचं. मग मिस्त्री त्याला उचलून घेऊन दार लावायचा. कधी जागं असायचं, बापाच्या खांद्याशी तोंड करून टकामका बघत.”

मी मनात मोजत होतो. मला दुसरं काय येतं? उजव्या हातावर पोर, पोराचं डोकं बापाच्या डोक्याच्या बरोबरीला. दाराखाली खांदा घालायला बाप वाकलेला. कान समोर, वीतभर अंतरावर. आठवण शंभर टक्के मापात होती. मीच त्या पोराला जमिनीवर उभं करून मोजलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि इतका आनंदही एकाच वेळी कधी झाला नाही.

“कुठं असंल ते पोर आता, देव जाणे,” बयाबाई म्हणाली. “मिस्त्री गेला अन् ती माणसं नाशकाला गेली.”

खलीलची दाढी भिजली होती आणि तो पुसतही नव्हता. शेवटी मीच म्हणालो, “मावशी, ते पोर हे बसलंय तुमच्यासमोर.”

बयाबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, चष्मा नाकावर घसरलेला माणूस. तिने त्याला नीट न्याहाळलं, मग त्याच्या दंडावर हात ठेवला.

“तू व्हय रे. लय जड होतास. मिस्त्रीचा हात भरून आला की माझ्याकडं द्यायचा.”

खलील हसला आणि मग रडला, का आधी रडला, मला सांगता येणार नाही. मी उठून अंगणाच्या कडेला गेलो आणि तिथल्या भाताच्या पेंढ्या मोजत उभा राहिलो. अकरा होत्या.

परत आलो तर ह्याने खिशातून चिमटा काढलेला. कुठेही जाताना त्याच्या खिशात चिमटा आणि ब्लेड असतंच. वरच्या बिजागरीची खीळ त्याने हळूच वाकवली, पुन्हा थोडी वाकवली. दार मोकळ्या बाजूला खाली आलं आणि उंबऱ्याला टेकलं. “बघ,” तो मला म्हणाला.

मी कॅलिपर खिशातच ठेवला. “मावशींना विचार,” मी म्हणालो.

बयाबाई म्हणाली, “आता हाय.”

मग खलीलने गिरणी उलटी करून माझ्यासमोर धरली. तळाला माझा आधीचा शिक्का होता. मी म्हणालो, तो खरवडून टाक. तर हा म्हणतो, “नियम काय आहे? शिक्का खोडायचा नसतो. काम परत केलं तर शेजारी दुसरा.” नियम बरोबर होता. मीच शॉपमध्ये सगळ्यांना ऐकवायचो. मी दुसरा शिक्का मारला. त्या गिरणीच्या तळाला दोन शिक्के आहेत, आणि पहिल्याकडे बोट दाखवून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की हा वाल्मीकचा चुकलेला. सांगू दे.

बयाबाईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवीन तांदळाचा भात, वालाची आमटी. परत येताना खलील सगळ्या रस्त्याने बोलत होता. गतिरोधक आले तरी बोलत होता, खोकं उचलायचं मला सांगावं लागलं.

संध्याकाळी त्याने आपाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं सांगून झालं. मग आपा म्हणाली, “म्हणजे तू अम्मीला फसवून मागच्या बाजूने जायचास?” आणि पुढची दहा मिनिटं तिने त्याला झापलं, की पट्ट्यात हात गेला असता तर काय, अम्मीचं काय झालं असतं, सांगता येत नव्हतं का. अडुसष्ट वर्षांचा माणूस फोनसमोर मान खाली घालून “हो आपा, चुकलं आपा” म्हणत होता, आणि तोंड भरून हसत होता. शेवटी तिने विचारलं, “कान कसा होता अब्बांचा? मला नाही आठवत.” आणि मग हाच तिला सांगत बसला.

रेल्वेच्या हौशी लोकांपैकी एकाने त्या गिरणीचा फोटो पाहून ती मागितली होती. खलीलने नाही सांगितलं. ती त्याच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असते. सकाळी कामाला बसताना तो तिचं दार उघडतो. दुपारी एक वाजता काम आवरलं, ब्रश धुतले, की टाचणी घेतो, दाराच्या आडव्या पट्टीखाली तिचं टोक लावतो, दार किंचित वर उचलतो, आणि मग ते बसतं. मी शेजारी चहा पीत असतो. आलं जास्तच असतं.